टायरातली माहेरवाशीण

माणसाने डासाचं चित्र काढायला बसू नये. बसलाच तर निदान मासेमारांच्या वाडीत बसू नये. समुद्रातून वर येणाऱ्या प्रत्येक पायवाल्या जिवाकडे निरखून बघण्यात ज्यांची हयात गेली, त्यांच्या डोळ्यांखाली मी कागदावर एक डास काढला. नीट, सहा पायांचा. लवू तांडेलाने मान वाकडी करून तो पाहिला आणि म्हणाला, "मास्तरानू, सुंगट बरा काढलास. मिशये तेवढे आखूड झाले."

सुंगट म्हणजे कोळंबी. मी शांतपणे सांगितलं, "लवू, डास आसा तो."

"आसात," लवू समजुतीने म्हणाला. माणूस शिकलेला असला की लवू त्याच्याशी फार वाद घालत नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो, म्हणजे मागणी आणि पुरवठा यांच्यावर मुलांना शांत झोप लावतो. आमचं घर तारकर्लीच्या अलीकडे, मासेमारांच्या वाडीला लागून. गेल्या वर्षी पावसात डेंग्यू वर्गणी मागणाऱ्यांसारखा दारोदार फिरला. कोणाच्या दारातून तो रिकाम्या हाती गेला नाही. मीही अंथरुणाला खिळलो होतो. त्या तापात छताचा पंखा मला सारखं काहीतरी समजावून सांगत होता, आणि मला ते पटतही होतं. ताप उतरल्यावर त्याचे मुद्दे काही आठवेनात. पण समोर हलणारी वस्तू असली की माणूस ऐकत पडतो, एवढं मात्र मनात राहिलं. आरोग्य खात्याची पत्रकं वाडीत वाटली जायची, ती शेजारची आनंदी सुकट बांधून द्यायला वापरायची. माहिती घरोघर पोचत होती, नाही असं नाही. पण लोक ती उलगडून आतली सुकट घेत.

म्हणून मी ठरवलं, डासांवर हलत्या चित्रांची फिल्म करायची. ॲनिमेशन. फुकटातलं एक ॲप मिळालं. त्यात तयार माणसं होती, तयार झाडं होती, तयार ढग होते. डॉक्टर होता, पण सोनेरी केसांचा. त्याचे केस मी काळे केले. तो सदैव हसायचा, एक हात हलवायचा आणि मधूनमधून टाळी वाजवायचा. याशिवाय त्याला काही येत नव्हतं. डास मात्र ॲपमध्ये नव्हता, तो मलाच काढावा लागला. तिथून सुंगटाचं प्रकरण.

हे सगळं मी हौसेनेच सोडून दिलं असतं. पण आनंदीने ते मनावर घेतलं. आनंदी मासे विकते. तिची एकुलती एक मुलगी जान्हवी शिरोड्याला दिलेली, आणि आता तिला दिवस गेलेले. पहिलं बाळंतपण माहेरी, यात कोणाचं दुमत नव्हतं. दुमत होतं ते माहेराबद्दल. जान्हवीच्या सासूने निरोप धाडला होता, की गेल्या वर्षी तुमच्या वाडीत घराघरात ताप होता. वाडीतले डास गेले तर सून पाठवू, नाहीतर बाळंतपण शिरोड्यालाच.

"मास्तरानू, तुमचा ता हलता चित्र बेगीन करा," आनंदी आमच्या पायरीवर टोपली टेकून म्हणाली. "माजा चेडू माज्या घरात बाळंत होवक व्हया. मी तेका न्हाऊ घातलंय, मीच तेच्या पोराक घालतलंय."

एवढ्यावर तिने बांगड्यांचा वाटा आमच्या सुपात टाकला आणि पैसे घेतले नाहीत. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

डास कुठे होतात हे वाडीत सगळ्यांना दिसत होतं आणि कोणालाच दिसत नव्हतं. पावसाळ्यात मासेमारी बंद. होड्या वर ओढून माडांखाली झोपवलेल्या असतात. त्यांच्या कडांना जुने टायर बांधलेले असतात, धक्क्याला होडी घासू नये म्हणून. प्रत्येक टायरात पावसाचं पाणी, आणि प्रत्येक पाण्यात माडाच्या झावळीचं एकेक हिरवं स्वप्न. दुपारी पाऊस थांबला की मी त्या होड्यांमधून फिरायचो, तेव्हा सगळी वाडी टायरांतून आपल्याला बघते आहे असं वाटायचं. पाणी ओता म्हटलं की लवू म्हणायचा, "पावसाचा पाणी ता, निवळशंख आसा. तेतूर खंयचो रोग?" डेंग्यूच्या डासाला नेमकं निवळच पाणी लागतं, हे त्याला पटायचं नाही. घाणीतून रोग होतो हे लवूला मान्य होतं. स्वच्छतेतून रोग म्हणजे त्याला मास्तरी वाटायची.

फिल्म दाखवायला सरकारी प्रोजेक्टर हवा होता. तो मागायला मी तालुक्याच्या कचेरीत गेलो. तिथे हरिश्चंद्र आहे, माझा शाळेतला मित्र. चहाच्या टपरीवर हाच हरिश्चंद्र "काय रे मेल्या, खंय आसतस?" म्हणून पाठीत धपाटा घालतो. टेबलामागे बसला की विचारतो, "आपलं काय काम आहे?" टपरी आणि टेबल यांच्यामध्ये एक अरुंद व्हरांडा आहे. तो ओलांडताना याची भाषा नेमकी कुठे बदलते हे बघायला मी एकदा त्याच्या मागे मागे चाललो होतो. तुळशीच्या कुंडीपाशी बदलते.

"दोन बाबी आहेत," हरिश्चंद्र माझी फिल्म बघून म्हणाला. "एक, डॉक्टर शासनाच्या वतीने बोलतात. ते प्रमाण मराठीतच बोलतील."

"आणि डास?"

त्याने परिपत्रक उलटसुलट पाहिलं. "डासाच्या भाषेबाबत खात्याची भूमिका नाही. दुसरी बाब. आपण डास पुरुष दाखवला आहे. नर चावत नाही, फक्त मादी चावते. अंड्यांसाठी तिला रक्त लागतं. शास्त्रीय अचूकता पाळावी आणि कारणासह पाळावी."

मी दोन्ही बाबी मुकाट्याने मान्य केल्या. आपल्या हातून काय घडतं आहे याची मला कल्पना नव्हती. त्यालाही नव्हती, पण त्याने तसं लिहून घेतलं होतं.

मादीला आवाज कोण देणार? माझी बायको विनीता नाही म्हणाली. सबंध गावात डास म्हणून ओळख व्हावी अशी तिची इच्छा नव्हती. तिनेच महादूचं नाव सुचवलं. महादू दशावतारात स्त्रीपार्ट करतो. त्याने पदर सावरला की पहिल्या रांगेतल्या बायका नकळत आपापला पदर सावरतात. पावसात नाटकं बंद, महादू रिकामा. तो आला, छत्री झटकली आणि विचारलं, "तिचा दुख्ख काय?"

"डासाक कसला दुख्ख रे?"

"मगे माका कित्या बोलयलात?"

मी त्याला सांगितलं, ती चावते कारण तिच्या पोटात अंडी असतात. महादूने खिडकीबाहेर पाहिलं. पागोळ्या गळत होत्या. मग म्हणाला, "रेकॉर्डिंग लावा."

इथे दशावताराची एक रीत सांगायला हवी. त्यात संवाद लिहिलेले नसतात. कथा ठाऊक असते, बाकी सगळं नट उभ्या उभ्या बोलतो. मी त्याला चार ओळींचा कागद दिला होता. महादूने तो घडी करून कानामागे ठेवला आणि डोळे मिटले.

"आयांनू, भयणींनू, मी लांबसून इलंय गो. पोटात माज्या पोरां आसत. घोव माजो फुलांचो रस पिऊन खंय पडलो आसा कोणाक ठावक. माका काय नको. एक थेंब रगत व्हया आणि ओंजळभर निवळ पाणी. लवूदादान माका टायर दिल्यान, तेचा बरा होवो. ह्या वाडीत माका कोणी जा म्हटला नाय. माजा माहेर ह्याच..."

शास्त्रीयदृष्ट्या सगळं अचूक होतं. नर डास फुलांचाच रस पितो. पावसाच्या लयीत तो आवाज कौलांपर्यंत जाऊन हळूहळू खाली येत होता. मला वाटतं मी मध्ये कुठेतरी टेबलावर डोकं टेकलं आणि एका विशाल, निवळ टायरात तरंगत राहिलो. रेकॉर्डिंग थांबवायचं राहिलंच. जागा झालो तेव्हा विनीता दारात उभी राहून डोळे पुशीत होती. मी हळव्या मनाने ठरवलं, सगळंच ठेवायचं.

देवळाच्या सभामंडपात पडदा म्हणून लवूच्या होडीचं जुनं शीड बांधलं. दिवेलागणीला सगळी वाडी जमली. पहिल्यांदा डॉक्टर आला. हसत, हात हलवत म्हणाला, "नमस्कार नागरिकहो. आपल्या परिसरातील साचलेल्या पाण्याचा नियमित निचरा करावा." लोक कचेरीत बसतात तसे बसले होते. पाठी ताठ, हात मांडीवर, कान बंद. काहीजण आदराने पेंगू लागले. डॉक्टरच्या छातीवरून ॲपचं नाव आडवं जात होतं, ते त्याचंच नाव असावं असं समजून म्हाताऱ्यांनी त्याला नमस्कारही केला.

मग ती आली.

शिडावर ती होडीएवढी दिसत होती. वाऱ्याने शीड हलायचं आणि तिचे पंख खरेच थरथरायचे. प्रोजेक्टरच्या उजेडाला खरे डास जमले होते. त्यांच्या सावल्या शिडावर पडून तिच्याभोवती नणंदा-जावांसारख्या फिरत होत्या. ते मी काढलं नव्हतं. तेवढं सुंदर मला येत नाही. "आयांनू, भयणींनू" म्हटल्याबरोबर सभामंडप जागा झाला. लवूचं नाव आलं तेव्हा सगळ्यांनी लवूकडे पाहिलं, आणि लवू, ज्याला आजवर कोणी कशाबद्दल दुवा दिलेला नव्हता, तो मान खाली घालून बसला.

शेवटी डॉक्टरने टाळी वाजवली. त्याला तेवढंच येत होतं. ती दोन हातांमध्ये सापडली.

 मग मागून एक म्हातारी ओरडली, "पोटुशी बायलेक मारल्यान गो!"

"आणि मेलो हसता कसो बघ!" दुसरी म्हणाली.

लवू उठला आणि निघून गेला. लोक मला वाट देत बाहेर पडले, जशी गुन्हेगाराच्या नातेवाइकाला देतात.

दुसऱ्या दिवसापासून वाडीत पाणी ओतणं पूर्ण बंद झालं. आधी फक्त आळस होता, आता त्याला नैतिक अधिष्ठान मिळालं. आरोग्यसेविका टायर उपडे करायला आली, तिला लवूने अडवलं. "थंय कोणतरी आसा," तो कुजबुजला. आणखी कोणीतरी एका टायरावर केळीचं पान घातलं, पावसाचा मार लागू नये म्हणून. अंगावर डास बसला की लोक आता झटकत, मारत नसत. महादूच्या घरी मात्र सुकी मासळी जाऊ लागली, कारण अशा अवस्थेत तिखटमीठ खावंसं वाटतं.

ही बातमी शिरोड्याला पोचायला कितीसा वेळ लागणार? जान्हवीच्या सासूचा फोन आला. ती म्हणाली, "तुमच्या वाडीत डासांची बाळंतपणां होतत मगो? होवंदे. आमच्या सुनेचा नको."

आनंदी आमच्या पायरीवर येऊन बसली. टोपली नव्हती. आनंदीला टोपलीशिवाय मी प्रथमच पाहत होतो, ती वेगळीच, लहान बाई दिसत होती. विनीताने चहा दिला, तो तिने नुसता हातात धरला.

"वयनी," ती म्हणाली, "तिका बाळंतपणाक जागा गावली. माज्या चेडवाक नाय."

मी घाईघाईने माझी योजना सांगितली. नवीन फिल्म करू, डॉक्टरचा आवाज मोठा करू, आकडेवारी घालू. आनंदीने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"तो डॉक्टर परत शिडार इलो तर लोक दगड मारतले," ती म्हणाली. "आणि तिका मारूची नाय. मी पण रडलंय त्या दिवशी. पण माहेरवाशीण म्हटली की इली ती जावचीच मा? जलमभर कोण माहेराक रवता? तिची पाठवणी करा. मगे माजा चेडू येयत."

अर्थशास्त्रात या विचाराला काहीतरी नाव असेल. मला आठवलं नाही.

पाठवणी म्हटली की सासर आलं. आणि तिथे घोडं अडलं. लवू म्हणाला, "शिरोड्याक धाडा."

"मेल्या, थंय माजा चेडू आसा!" आनंदी कडाडली.

"मगे फोंडाघाटाक. थंयसून घाट चढान जायत कोल्हापुराक."

फोंडाघाट हे माझ्या बायकोचं माहेर. विनीता रागावली की प्रमाण मराठीत बोलते. ती म्हणाली, "आमच्या गावाविषयी आपण असा विचार केलात, याबद्दल आभारी आहे." लवूने चहा अर्धा टाकला आणि उठला. महादूने अखेर तोडगा काढला, की सासर समुद्रापलीकडे आहे असं म्हणू. पलीकडे काय आहे ते कोण विचारायला येणार.

प्रोजेक्टरसाठी पुन्हा हरिश्चंद्राकडे गेलो. "डासाची पाठवणी आराखड्यात बसत नाही," तो टेबलामागून म्हणाला. मग उठून माझ्याबरोबर चालू लागला. तुळशीच्या कुंडीपाशी आल्यावर त्याने इकडेतिकडे पाहिलं. "धाड रे तिका. माजी बायल पण पाठवणीची वाट बघता. मी कायेक बघूक नाय."

पुन्हा शीड बांधलं, पुन्हा वाडी जमली. या वेळी बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. पाठवणीची नवी फिल्म सुरू झाली, ती शिडावर आली, तिने पंख उचलला, आणि तशीच राहिली. ॲपची फुकटाची मुदत त्याच दिवशी संपली होती. तिच्या पोटावर, पुढे बघायचं असल्यास पैसे भरा, अशी पाटी उगवली. मी कळा दाबत सुटलो. ज्या मेहनतीवर माझी सगळी प्रतिष्ठा होती ती एका पंखावर अडकून पडली. सभामंडपात चुळबुळ सुरू झाली. "मास्तरान परत मारल्यान काय गो तिका?" ती म्हातारी म्हणाली.

तेवढ्यात महादू शिडापुढे आला. हिरवं लुगडं, नाकात नथ. प्रोजेक्टरचा उजेड त्याच्या अंगावर पडला आणि ते मोठे पंख नेमके त्याच्या खांद्यांवर आले. समुद्राकडून वारा सुटला. शीड फुगलं, पंख हलले. मी कळा दाबायचं थांबवलं.

"जातंय गो मी," तो म्हणाला. आवाज एवढा हळू की पाऊससुद्धा ऐकायला थांबल्यासारखा झाला. "लय केलास तुमी माजा. पण एक करा. माज्या पाठी माजा पाणी मोडा. टायर उपडे करा, करवंट्ये उपडे करा, बालदी रिकामी ठेवा. निवळ पाणी दिसला की माजो पाय अडता. मी परत फिरतलंय. आणि परत फिरलंय तर तुमच्याच पोरांक ताप येतलो. तेंका काय झाला तर माका खंयच्या तोंडान माहेर म्हणूक येतला?"

बायकांना हुंदके आवरेनात. कोणीतरी पुढे होऊन शिडापुढे तांदूळ आणि नारळ ठेवला. ओटी भरली गेली. डासाची. मी एका कोपऱ्यात सरकारी प्रोजेक्टर धरून उभा होतो आणि मलाही काहीतरी ठेवावंसं वाटत होतं.

मग सगळे उठले आणि बॅटऱ्या घेऊन माडांखाली गेले.  होड्यांमधून उजेडाचे ठिपके फिरत होते. टायर कलंडत होते, पाणी वाळूत जिरताना लांब श्वास घेतल्यासारखा आवाज होत होता. लवूने घरून सळई तापवून आणली आणि आपल्या प्रत्येक टायराला खालून भोक पाडलं. रबराच्या धुराने डोळ्यांत पाणी येतं, असं तो कोणी न विचारता सांगत होता.

पुढे जान्हवीची सासू स्वतः पाहणीला आली. होड्या पाहिल्या, गच्च्या पाहिल्या, करवंट्या पाहिल्या. सबंध वाडीत तिला साचलेलं पाणी एकाच ठिकाणी सापडलं. आमच्या दिवाणखान्यात, मनीप्लँटच्या बाटलीत. तिने बाटली उजेडात धरली. आत काहीतरी वळवळत होतं. "मास्तरांच्या घरात इलेत होय सगळे," ती म्हणाली. त्यानंतर काही दिवस आमच्या घरात प्रमाण मराठी चालू होती. फिल्मचं म्हणाल तर, कोणी विचारलं तर वाडी सांगते, महादूने केली. एक मास्तर बॅटरी धरायला होता.

पण जान्हवी आली. बाळंत झाली ती तालुक्याच्या इस्पितळात, आणि लेक घेऊन आईच्या घरी परतली. आनंदी सकाळ-संध्याकाळ नातीला पायांवर घेऊन न्हाऊ घालते. ते पाणी सगळ्यांत निवळ असतं, आणि ती एक थेंब मागे ठेवत नाही.

एकदा दुपारी आम्ही तिच्या ओटीवर बसलो होतो. पावसाची उघडीप होती, उन्हाला पेंग आलेली. पोर मांडीवर निजलेलं. तेव्हा कुठूनतरी एक डास आला. काळा, पायांवर पांढऱ्या पट्ट्यांचा, डेंग्यूचाच. जान्हवी, विनीता, मी, सगळे बोलता बोलता त्याच्याकडे बघू लागलो. तो पोरीच्या दुपट्याभोवती एक फेरी घालून तिच्या उघड्या तळपायाकडे उतरू लागला.

आनंदीने त्याच्याकडे ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

"गो," ती हळूच म्हणाली, "तुका पाठवलंय मा?"

 आनंदीने दोन्ही तळवे जवळ आणले आणि एकदाच, नीट, मिटले.

मग तिने पोर जान्हवीकडे दिलं. हात उघडून पाहिले नाहीत. तशीच उठून न्हाणीत गेली आणि घरातलं माणूस गेल्यावर घेतात तसं डोक्यावरून पाणी घेतलं. बाहेर बसल्या बसल्या आम्हाला ते ऐकू येत होतं. शेवटी बालदी उपडी घातल्याचा आवाज आला.